दगड कुठे पडला?



उटनूरच्या या व्याख्यानमालेच्या संयोजकांचा फोन आला तेव्हा मी त्यांना विषय सांगितला : फुटबॉलमधली हुल्लडबाजी आणि तिच्यावरचे सिनेमे. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मला वाटलं, रेंज गेली. मग ते अगदी अदबीनं म्हणाले, "सर, आमच्याकडे कबड्डी आहे, व्हॉलीबॉल आहे. फुटबॉलचं तेवढं नाही. विषय बदलता येईल का?" मी म्हटलं, विषय राहू द्या, कारण मला फुटबॉलवर फारसं बोलायचंच नाही. मला बोलायचंय पंधरा ते पंचवीस वयाच्या पोरांवर. ती उटनूरला आहेत ना? मग झालं तर!

आणि खरं सांगू का, फुटबॉल तुमच्यापासून तुम्हाला वाटतो तेवढा लांब नाही. भारतीय फुटबॉलचे सगळ्यात मोठे गुरू सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे, पेशानं शाळामास्तर. त्यांच्या हाताखाली खेळलेले तुळशीदास बलराम सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडाचे. 1956 च्या 1 नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तुकडे झाले. किनवट आणि राजुरा तिकडे, आजच्या महाराष्ट्रात गेले, उटनूर इकडे, आजच्या तेलंगणात राहिलं. कोण कुठल्या राज्यात, याचा हिशेब आपले आजोबा अजून मांडतच होते, तेवढ्यात डिसेंबरमध्ये रहीमसाहेबांचा संघ मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला.

त्याच रहीमसाहेबांवर 2024 साली 'मैदान' हा सिनेमा आला. तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्यात शेवटी 1962 च्या जकार्ता एशियाडचा अंतिम सामना आहे. यजमान इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना येऊ दिलं नव्हतं. गुरुदत्त सोंधी या भारतीय पदाधिकाऱ्यांनी त्याला हरकत घेतली, आणि तिथल्या लोकांचा सगळा राग भारतीय खेळाडूंवर निघाला. भारताच्या वकिलातीवर जमाव चालून गेला. 4 सप्टेंबरला दक्षिण कोरियाविरुद्ध अंतिम सामना होता आणि खचाखच भरलेलं स्टेडियम आपल्या पोरांची हुर्यो उडवत होतं. त्या गर्दीत भारताच्या बाजूनं कोण ओरडत होतं, माहीत आहे? पाकिस्तानचा हॉकी संघ. आपल्या खेळाडूंनी ही आठवण पुढे आयुष्यभर सांगितली. आपण तो सामना 2–1 असा जिंकला.

गर्दी म्हणजे काय चीज असते, ते या एका संध्याकाळी कळतं. ज्यांचं आपल्याशी काही वैर नव्हतं ते वैरी झाले, आणि ज्यांना आपण वैरी समजत होतो ते आपले झाले. असं कशानं होतं? आजच्या भाषणाचा प्रश्न तोच आहे. त्याचे चार मुद्दे करतो. चौथ्यापर्यंत जागे राहा, कारण चौथा थेट या मुलखाचा आहे.

पहिला मुद्दा : ही पोरं असतात कोण?

इंग्रजीतला 'हूलिगन' हा शब्द 1898 च्या सुमारास लंडनच्या वर्तमानपत्रांत रुळला. आपला शब्द 'हुल्लड'. दोन्ही शब्द कानाला सख्खे भाऊ वाटतात, पण त्यांचं नातं काही नाही. धंदा मात्र एकच!

1970 आणि 80 च्या दशकांत इंग्लंडमधल्या जवळपास प्रत्येक मोठ्या क्लबच्या मागं एक टोळी होती. ती स्वतःला टोळी म्हणवून घेत नसे, 'फर्म' म्हणवून घेई. आपल्याकडे फर्म म्हणजे पेढी. आदिलाबादच्या कापूस बाजारात अडत्याची असते, तशी. इथं माल होता मारामारीचा. वेस्ट हॅम क्लबची 'इंटर सिटी फर्म', चेल्सीचे 'हेडहंटर्स', मिलवॉलचे 'बुशव्हॅकर्स' अशी त्यांची नावं.

'इंटर सिटी' हे नाव कुठून आलं? इंग्लंडात फुटबॉलप्रेमींसाठी खास गाड्या सुटत. त्यांत पोलीस असायचे. म्हणून ही मंडळी नेहमीच्या इंटरसिटी गाडीनं, साध्या प्रवाशासारखी जायची. क्लबचा गमछा नाही, टोपी नाही. अंगात महागडे, नामांकित कंपन्यांचे कपडे, म्हणजे पोलिसाला संशय येऊ नये. आणि ज्याला झोडपलं त्याच्या अंगावर छापील व्हिजिटिंग कार्ड टाकून यायची. बघा, पेढीचा कारभार किती चोख!

आपली समजूत अशी असते की दंगा करणारा म्हणजे बेकार, दारूडा, अडाणी. काही तसे होतेच. पण पुष्कळांना नोकरी होती, घर होतं, बायकामुलं होती. पाच दिवस मुकाट काम करायचं आणि शनिवारी पेढीवर हजर व्हायचं. पोट भरलेलं होतं. मग भूक कसली होती?

याचं उत्तर एका माणसाच्या आयुष्यात सापडतं. कॅस पेनंट हा काळा मुलगा एका वयस्क गोऱ्या जोडप्यानं दत्तक घेतला. आसपास सगळी गोरी वस्ती. त्यात त्याचं मूळ नाव कॅरोल, म्हणजे मुलीचं. रंगावरून टोमणे, नावावरून टोमणे. पुढे हाच मुलगा इंटर सिटी फर्मच्या म्होरक्यांपैकी एक झाला. 2008 साली त्याच्यावर 'कॅस' नावाचा सिनेमा निघाला. ज्याला गल्लीत कुणी विचारत नव्हतं, त्याच्या मागं आता शेकडो पोरं चालत होती, ती गोरी पोरं! माणसाला भाकरी लागते तशी 'आपली माणसं' लागतात. ती घरात, शाळेत, गावात मिळाली नाहीत, तर जिथं मिळतील तिथं तो जातो. फर्म ही भूक भागवायची. किंमत मात्र दुसऱ्याच कुणाकडून वसूल व्हायची.

29 मे 1985 ला ब्रुसेल्सच्या हेझेल स्टेडियममध्ये ती वसूल झाली. युरोपियन चषकाचा अंतिम सामना, लिव्हरपूल विरुद्ध युव्हेंटस. सामन्याआधी लिव्हरपूलचे काही समर्थक पलीकडच्या गर्दीवर चालून गेले. लोक जीव घेऊन मागं सरले, चेंगरले, भिंत कोसळली. 39 माणसं मेली. त्यात बहुतेक इटलीहून आलेले प्रेक्षक होते, खेळ बघायला आलेले. इंग्लंडच्या क्लबांना पाच वर्षं युरोपातल्या स्पर्धांची दारं बंद झाली.

दुसरा मुद्दा : आपल्याकडे असं काही आहे का?

आहे. आणि ते सांगताना मला थोडं स्वतःबद्दल बोलावं लागेल.

मी कोल्हापूरचा. महाराष्ट्रात क्रिकेटला मागं सारून फुटबॉलवर जीव टाकणारं शहर म्हणजे कोल्हापूर. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, पेठापेठांत तालमी उभ्या राहिल्या. पुढे त्याच तालमींच्या लाल मातीतून फुटबॉलचे संघ निघाले. म्हणून आमच्या संघांची नावं ऐका : पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. जगात दुसरीकडे कुठं कुस्तीच्या आखाड्यानं फुटबॉलचा संघ काढला असेल, तर मला सांगा! शाहू स्टेडियमवर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग सुरू झाली की आख्खी पेठ मैदानावर येते. नायजेरियाचे खेळाडू पेठेच्या संघातून खेळतात आणि चार महिन्यांत पेठेचेच होतात. वर्ल्ड कप आला की गल्लीत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. 2017 साली भारतात सतरा वर्षांखालच्या पोरांचा वर्ल्ड कप झाला. त्या भारतीय संघात आमचा अनिकेत जाधव होता.

आमच्याकडे एक शब्द आहे, 'ईर्षा'. पुस्तकात त्याचा अर्थ मत्सर. कोल्हापुरात तो असा वापरत नाहीत. 'पोरं ईर्षेनं खेळली' ही आमच्याकडची शाबासकी आहे. ईर्षा म्हणजे समोरच्यापेक्षा सरस ठरायची जिद्द. तिच्यामुळंच आमचा फुटबॉल जिवंत राहिला. आणि तिच्यातूनच आमची हुल्लडबाजी निघाली. सामना संपला की घोषणा, मग शिव्या, मग बाटल्या, मग दगड. रस्त्यावरच्या गाड्या फुटल्यात, लाठीमार झालाय, पोरांवर गुन्हे दाखल झालेत, हंगाम मध्येच थांबवायची पाळी आलीय. हे सगळं आमच्या वर्तमानपत्रांत छापून आलेलं आहे. मी काही चहाडी करत नाही.

आता माझी गोष्ट. मी पंधरा वर्षांचा होतो. आमचा संघ हरला होता. कुठला, ते सांगणार नाही. त्या संघाचा यात काही दोष नाही. मैदानाबाहेर दोन्हीकडची पोरं समोरासमोर आली. कुणीतरी पहिला दगड मारला. माझ्या हातातही एक होता. तो कधी उचलला, आठवत नाही. आठवतो तो हातातला त्याचा गरमपणा. दिवसभराच्या उन्हानं तापलेला होता. मी फेकला. शेजारी उभा असलेला एक मोठा पोरगा, ज्यानं त्या दिवसापर्यंत माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला. बास. तेवढ्या एका हातासाठी मी पुढची दोन वर्षं त्यांच्यात होतो.

तो दगड कुठे पडला?

मला माहीत नाही. आज माझे केस पांढरे झाले, तरी माहीत नाही. रस्त्यावर पडला असेल. कुणाच्या रिक्षाच्या काचेवर पडला असेल. शाळेतून घरी निघालेल्या कुणा पोरीच्या कपाळावर पडला असेल. मी वळून पाहिलं नाही. दगड फेकण्याची गोष्ट मी मित्रांना शंभरदा सांगितली असेल, आणि दरवेळी ती थोडी मोठी करून सांगितली. तो कुठे पडला, हे त्या शंभर वेळांत एकानंही विचारलं नाही.

तिसरा मुद्दा : सिनेमा हा प्रश्न विचारतो का?

या विषयावरचे सिनेमे ओळीनं पाहताना त्यांच्यासाठी माझी एक चाळणी झाली आहे. हा सिनेमा विचारतो का, की दगड कुठे पडला?

2005 चा 'ग्रीन स्ट्रीट हूलिगन्स' घ्या. हा सगळ्यात लोकप्रिय. हार्वर्डमधून काढून टाकलेला, अंगानं किरकोळ असा एक अमेरिकन मुलगा लंडनला येतो, वेस्ट हॅमच्या फर्ममध्ये शिरतो, मार खातो, मार देतो. फर्मचा म्होरक्या शेवटी मारामारीत मरतो, हे खरं. पण सिनेमा संपतो कसा? तो अमेरिकन मुलगा घरी परततो, ज्यानं त्याला फसवलं होतं त्याला खिंडीत गाठतो आणि छाती काढून, क्लबचं गाणं म्हणत निघून जातो. म्हणजे निष्कर्ष काय? मारामारीनं पोराचा पुरुष झाला. दिग्दर्शिका लेक्सी अलेक्झांडर स्वतः लढाऊ खेळांत मुरलेली. तिच्या हाणामारीत दम आहे. म्हणूनच भीती वाटते. अशी हाणामारी पाहून वीस वर्षांच्या पोराला वाईट वाटत नाही, त्याचे हात शिवशिवतात.

2004 चा 'द फुटबॉल फॅक्टरी' चेल्सी आणि मिलवॉलच्या पोरांवरचा. त्यातला नायक स्वतःलाच सारखा विचारतो की हे सगळं कशासाठी? आणि उत्तर देतो की मजा येते. निदान प्रामाणिक तरी आहे!

1995 चा 'आय. डी.' मला त्याहून खोल वाटतो. काही पोलीस वेष पालटून एका फर्ममध्ये शिरतात. क्लबचं नाव काल्पनिक आहे. त्यातल्या एकाला हळूहळू ते जग गोड लागायला लागतं. संसार विस्कटतो. तपास गुंडाळला जातो, पण हा बाहेर येतच नाही. शेवटी तो डोकं भादरून नवनाझींच्या मोर्चात चालताना दिसतो. भेटलेल्या सहकाऱ्याला म्हणतो, मी कामगिरीवर आहे. खरं की खोटं, कळत नाही. मुखवटा घातला होता, तो कातडीला चिकटला. आपल्याकडे नाटकातल्या सोंगाबद्दल म्हातारी माणसं हेच सांगायची ना?

आणि मग येतो 1989 चा, ॲलन क्लार्क या दिग्दर्शकानं बीबीसीसाठी केलेला 'द फर्म'. जेमतेम सव्वा तासाचा. गॅरी ओल्डमन त्यात बेक्स नावाचा घरांचा दलाल झालाय. कमाई चांगली, बायको, लहान मूल. स्टेडियममधला सामना सिनेमात जवळपास नाहीच, कारण या माणसांना सामन्याशी देणंघेणं नाही हेच सांगायचंय. बेक्स घरात धारदार कटर ठेवतो, मारामारीसाठी. एके दिवशी तो कटर त्याच्या तान्ह्या मुलाच्या हाती लागतो आणि पोर स्वतःला जखमी करून घेतं.

दगड कुठे पडला? स्वतःच्या पाळण्यात पडला. चाळणीतून पार पडलेला हा सिनेमा.

शेवटी बेक्स गोळी लागून मरतो. पुढच्या प्रसंगात त्याचे साथीदार टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर उभे राहून त्याचे गोडवे गातात. मेलेल्या माणसाचा पुतळा कसा उभा राहतो, ते क्लार्कनं तेव्हाच दाखवून ठेवलं.

कारण सिनेमा टोळीकडे बघतो, तसं टोळीही सिनेमाकडे बघत असते. क्रोएशियातल्या डायनामो झाग्रेब क्लबच्या समर्थकांचा गट आहे 'बॅड ब्लू बॉईज'. 1986 साली निघाला. त्यांचं नाव कशावरून पडलं म्हणून सांगतात? शॉन पेनच्या 'बॅड बॉईज' या अमेरिकन सिनेमावरून. म्हणजे सिनेमानं नाव दिलं आणि पोरं त्या नावाला जागली. 13 मे 1990 ला झाग्रेबमध्ये त्यांची आणि बेलग्रेडच्या रेड स्टार क्लबच्या समर्थकांची मोठी दंगल झाली. रेड स्टारच्या त्या समर्थकांचा म्होरक्या होता 'अर्कान' नावानं ओळखला जाणारा गुन्हेगार. त्याच वर्षी त्यानं मैदानावरच्या पोरांमधून निमलष्करी दल उभं केलं. युगोस्लाव्हिया फुटला, तशी ती पोरं बंदुका घेऊन गावागावांत शिरली. पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं अर्कानवर युद्धगुन्ह्यांचे आरोप ठेवले. मैदानावरच्या घोषणा ते गावातली प्रेतं हे अंतर दोन वर्षांत कापलं गेलं. पोरांना 'आपण' आणि 'ते' एवढंच शिकवून ठेवा. पुढे त्यांच्या हातात झेंडा द्यायचा की बंदूक, हे दुसरंच कुणीतरी ठरवतं.

आज तर सिनेमाचीही वाट पाहावी लागत नाही. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. दगड मारायचा, कुणीतरी शूट करायचं, मागं गाणं टाकायचं, रील तयार. दगड हवेत असतानाच रील संपते. तो पडताना दाखवला तर लाईक कोण देईल?

चौथा मुद्दा : भिंत.

आता बाजू पालटतो. इतका वेळ पोरांना बोललो. ते सोपं आहे, सगळेच बोलतात.

इंग्लंडमध्ये हुल्लडबाजी वाढली, तशी स्टेडियममध्ये प्रेक्षकांसमोर लोखंडी जाळ्या आल्या. प्रेक्षक म्हणजे संशयित, असं पोलिसांनी ठरवून टाकलं. 1989 च्या फेब्रुवारीत 'द फर्म' दाखवला गेला, आणि 15 एप्रिलला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात लिव्हरपूलचे प्रेक्षक त्या जाळ्यांशी चेंगरले. बाहेरची गर्दी आवरेना, म्हणून पोलिसांनी दार उघडलं. लोक आधीच भरलेल्या कप्प्यात लोटले गेले. पुढे जाळी, मागं रेटा. ज्यांनी वर चढून सुटायचा प्रयत्न केला, ते मैदानात घुसतायत असं सुरुवातीला पोलिसांना वाटलं. मृतांचा आकडा अखेर 97 वर गेला. सत्त्याण्णवावे गृहस्थ त्या दिवसाच्या इजांमुळं 2021 साली वारले.

तिथं दंगल झाली नव्हती. हाणामारी झाली नव्हती. तरी चार दिवसांनी 'द सन' या वर्तमानपत्रानं पहिल्या पानावर छापलं की दारूड्या प्रेक्षकांनीच हे ओढवलं, मेलेल्यांचे खिसे कापले. लिव्हरपूल शहरात ते वर्तमानपत्र आजही पुष्कळ लोक हातात धरत नाहीत. आईबाप सत्तावीस वर्षं लढले. 2016 मध्ये ज्यूरीनं निकाल दिला : ही माणसं बेकायदा कृत्यामुळं मारली गेली, प्रेक्षकांचा दोष नव्हता.

2022 च्या 1 ऑक्टोबरला इंडोनेशियातल्या मलंगमध्ये तेच झालं. काही प्रेक्षक मैदानात उतरले, पोलिसांनी भरल्या स्टेडियममध्ये अश्रुधूर सोडला, लोक दारांकडे धावले. 135 मृत्यू.

आता या मुलखाकडे येतो. मी काल नागपूरहून आलो. आदिलाबाद ओलांडलं, गुडीहत्नूरला वळलो, आणि इंद्रवेल्लीला गाडी थांबवली. तिथल्या स्तूपासमोर उभा राहिलो. 20 एप्रिल 1981. जमिनीच्या हक्कासाठी सभेला निघालेले गोंड शेतकरी आणि त्यांच्यावर झालेला गोळीबार. सरकारी आकडा 13. लोक त्याच्या कितीतरी पट सांगतात. तुम्हाला ही गोष्ट मी सांगायची गरज नाही, तुमच्यातल्या कित्येकांच्या घरातली ती गोष्ट आहे. फुटबॉलचा तिच्याशी काही संबंध नाही, आणि फुटबॉलच्या मारामारीशी मी तिची तुलना करत नाही. मला फक्त एक शब्द दाखवायचाय. सरकारी कागदावर शेफील्डचे प्रेक्षक असोत की इंद्रवेल्लीचे शेतकरी, शब्द एकच असतो : जमाव. जमावाला नाव नसतं, गाव नसतं, आई नसते. एकदा 'जमाव' म्हटलं की गोळी कुठे लागली, हेही कुणी विचारत नाही.

म्हणजे प्रश्न दोघांना लागू आहे. दगड फेकणाऱ्याला विचारा, कुठे पडला? आणि गोळी झाडणाऱ्यालाही विचारा, कुठे लागली?

इथून जवळच्या नागपूरवर नागराज मंजुळे यांनी 2022 मध्ये 'झुंड' काढला. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथेनं उडवताना पाहिली, त्यांना फुटबॉल दिला, आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला. त्या सिनेमात मैदान आणि वस्ती यांच्यामध्ये एक भिंत आहे. पलीकडची पोरं अलीकडे येऊ नयेत म्हणून बांधलेली. अलीकडच्यांच्या लेखी पलीकडचे सगळे 'झुंड'. बारसे सरांनी काय केलं? चेंडू भिंतीच्या पलीकडे नेला. इंग्रज पोरांना फर्ममध्ये जे मिळालं, आपली माणसं, आपलं नाव, खांद्यावर हात, ते बारसे सरांनी दगडाऐवजी चेंडूवर दिलं. म्हणून हुल्लडीवर मला माहीत असलेला सगळ्यात चांगला भारतीय सिनेमा 'झुंड'च. त्यात फर्म नाही, पण फर्म कशी थांबते ते आहे.

मित्रहो, वेळ संपत आलाय. सारांश सांगतो, म्हणजे मागं उभे असलेले सुटतील. एक, पोरं दंग्याला जातात ती बहुतेक वेळा माणसांच्या शोधात. दोन, ईर्षा वाईट नाही. ती आपल्या तालमीनं, आपल्या गावानं आवरली नाही तर दुसरं कुणीतरी ती वापरतं. तीन, ज्या गोष्टीत दगड फक्त हवेत दिसतो, ती गोष्ट अर्धी आहे. चार, पोरांना जमाव म्हणून वागवलं की ती जमाव म्हणूनच वागतात.

मग करायचं काय? दुसऱ्या गावच्या पोरांकडे कसं जायचं, हे तुमच्या मुलखाला ठाऊक आहे. दिवाळीत तुमची दंडारी, म्हणजे नाचणाऱ्यांची मंडळी, निघते. गुस्साडी नर्तक मोरपिसांचा टोप घालून, ढोल-तुडुम वाजवत परक्या गावच्या शिवारात शिरतात. इंग्लंडमध्ये परक्या गावची एवढी पोरं वाजतगाजत आली असती, तर दुकानांची शटरं पडली असती! इथं घरं उघडतात. पाहुण्यांना जेवण मिळतं, दोन गावांची सोयरीक पुढच्या पिढीपर्यंत टिकते. मार्लवाईच्या कनकराजूंना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, ती या नाचासाठी. मी म्हणतो, ती परक्या गावात कसं शिरावं, या विद्येसाठीही होती.

शेवटी कोलकात्याचं सांगतो. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल. एकाचे चाहते जिंकल्यावर कोळंबी शिजवतात, दुसऱ्याचे हिल्सा. भांडण ताटापर्यंत गेलेलं. 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर दोघांचा सामना होता. मैदानात खेळाडू भिडले, गॅलरीत प्रेक्षक भिडले, चेंगराचेंगरी झाली. सोळा जण घरी परतले नाहीत.

2024 च्या ऑगस्टमध्ये याच दोन संघांचा सामना रद्द झाला. आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टर मुलीवरच्या अत्याचारानं आणि खुनानं शहर पेटलं होतं. दोन्ही क्लबांचे चाहते, आणि तिसऱ्या, मोहम्मेडन क्लबचेही, आपापल्या रंगाचे शर्ट घालून स्टेडियमबाहेर एकत्र जमले. न्याय मागायला. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. त्या गर्दीत एका क्लबच्या पोराला दुसऱ्या क्लबच्या पोरानं खांद्यावर घेतलं होतं.

माझ्या खांद्यावरचा तो हात मला तेव्हा आठवला. हात तोच असतो. तो कशासाठी ठेवला जातो, एवढाच फरक.

विद्यार्थीमित्रांनो, उद्या तुमच्या मोबाईलवर मारामारीची एखादी रील येईल, मागं जोरदार गाणं असेल. बघा, मी नको म्हणणार नाही. फक्त पाठवणाऱ्याला एकदा विचारा, दगड कुठे पडला?

आणि कोलकात्याची ती तारीख लक्षात ठेवा. ज्या दिवशी सोळा जीव गेले, त्या 16 ऑगस्टला दर वर्षी तिथले फुटबॉलप्रेमी त्या सोळा जणांच्या आठवणीत रक्तदान करतात. बाटलीवर क्लबचं नाव लिहीत नाहीत.